खेळांतील भुयारें : एका घरानें लाविलेली प्रतवारी

आमच्या घरीं गेल्या मे महिन्याच्या सुटींत एक वाद उपस्थित झाला, व आंबे संपले तरी तो संपला नाहीं. वादाचा विषय राजकारण नव्हता, वांटणी नव्हती, कीं कोणाच्या लग्नाची देवघेव नव्हती. चिरंजीव चिंतामणि, वय वर्षें चौदा, याचें म्हणणें असें कीं, व्हिडिओ गेममध्यें जीं भुयारें असतात त्यांत उलटणाऱ्या मनोऱ्याच्या तोडीचें दुसरें नाहीं. त्याची चुलत बहीण रेवती, वय सतरा, हिच्या मतें तो मान बर्फांतल्या पडक्या वाड्याचा. आमचे वडील बंधु अण्णा, पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले, हे दोघांच्याहि विरुद्ध पाण्याच्या मंदिराच्या बाजूनें उभे राहिले. अखेरीस मातुःश्रींनीं निकाल दिला : "आधीं सगळीं मला नीट दाखवा, मग गुण द्या. उत्तरपत्रिका न पाहतां गुण देण्याची पद्धत आपल्या घरांत नाहीं." त्या आज्ञेस अनुसरून महिनाभर रोज दिवेलागणीनंतर दीड तास सर्वांनीं एकत्र बसावें असें ठरलें. त्या बैठकींतून जी प्रतवारी निघाली, ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

असल्या विषयास या मासिकाचीं पानें कशास द्यावीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमच्याहि मनांत तो आला होता. परंतु विचार करितां असें दिसून आलें कीं, आपल्या घरांतील मूल कोणतें पुस्तक वाचतें हें आपण विचारतों, कोणाकडे गाणें शिकतें हें विचारतों, कोणाच्या संगतींत असतें हें तर बारकाईनें पाहतों. पण तेंच मूल पडद्यापुढें बसलें म्हणजे 'खेळतें आहे' एवढ्या एका शब्दांत सर्व हिशेब मिटवितों. मग रागावतों तेंहि सरसकट, आणि परवानगी देतों तीहि सरसकट. कादंबऱ्यांत जसा भेद आहे, कांहीं घरांत ठेवाव्या व कांहीं ठेवूं नयेत, तसाच तो खेळांतहि आहे. आणि तो पाहावयाचा तर खेळाच्या आंत शिरलें पाहिजे. आम्ही शिरलों तें भुयाराच्या वाटेनें.

इंग्रजींत ज्यास 'डंजन' म्हणतात, त्याचा रूढ अर्थ किल्ल्यांतील अंधारकोठडी. खेळांत हा शब्द प्रचारांत आला तो मुख्यतः १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळामुळें. त्यांत एकानें भुयाराचें वर्णन करावें व इतरांनीं त्यांत कसें वावरावयाचें तें सांगावें, असा प्रकार असे. पुढें संगणकानें हें वर्णन करणाऱ्याचें काम आपल्याकडे घेतलें. आज भुयार म्हणजे केवळ जमिनीखालचा मार्ग नव्हे. मंदिर, मनोरा, वाडा, जहाज, कांहींहि असो, जेथें आंत शिरल्यावर कोडीं सोडवीत व शत्रु टाळीत शेवटच्या दालनापर्यंत जावयाचें असतें, त्यास खेळणारे हेंच नांव देतात.

असे खेळ शेंकडों आहेत. आमच्या घरानें आपला विचार एकाच मालिकेपुरता मर्यादित ठेविला, ती म्हणजे जपानांतील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीची 'झेल्डा' मालिका. ही कंपनी १८८९ सालीं हातानें रंगविलेले पत्ते विकण्यासाठीं निघाली, व सुमारें शंभर वर्षांनीं, १९८६ च्या फेब्रुवारी महिन्यांत, तिनें या मालिकेचा पहिला खेळ बाहेर काढिला. त्याचे एक कर्ते शिगेरु मियामोतो यांचें बालपण क्योटोजवळील सोनोबे या गांवीं गेलें. लहानपणीं डोंगरांत हिंडतांना सांपडलेली गुहा व तिच्यांत दिवा घेऊन शिरतांना वाटलेलें भय, याच आठवणींतून हा खेळ उगवला असें त्यांनीं सांगितलें आहे. खेळांतील हिरव्या पोषाखाच्या मुलाचें नांव झेल्डा नव्हे, लिंक. झेल्डा ही राजकन्या. आमच्या वहिनींस हें तीनदां सांगावें लागलें. त्यांचें म्हणणें, जिच्या नांवानें खेळ आहे तिलाच खेळांत काम कां नाहीं? या प्रश्नास कंपनीनें २०२४ सालीं उत्तर दिलें. त्या वर्षींच्या 'एकोज ऑफ विजडम' या खेळांत राजकन्या हीच नायिका आहे, व त्याच्या दिग्दर्शनाचें काम तोमोमी सानो या स्त्रीकडे होतें.

या मालिकेंतील भुयाराचा एक ठरीव सांगाडा आहे. आंत शिरल्यावर एक नकाशा मिळतो, एक होकायंत्र मिळतें, लहान किल्ल्या मिळतात व शेवटच्या दालनाची एक मोठी किल्ली मिळते. बहुधा मध्यावर एखादें नवें हत्यार हातीं येतें. आणि येतांना जी फट, जो खांब किंवा जो कोनाडा निरुपयोगी वाटला होता, त्याचा अर्थ त्या हत्यारामुळें एकाएकीं लागतो. शेवटचा राक्षसहि बहुधा त्याच हत्यारानें हटतो. म्हणजे भुयार आधीं शिकवितें व मग परीक्षा घेतें. मयसभेंत दुर्योधनास जमीन पाणी वाटली व पाणी जमीन वाटली, आणि त्याची फजिती झाली. मयासुराचें कौशल्य थोरच. पण ती सभा पाहुण्याला शिकविण्यासाठीं नव्हती, चकविण्यासाठीं होती. चांगलें भुयार चकवितें खरें, परंतु चकण्यापूर्वीं खूण दाखवून ठेवितें, आणि मागाहून खेळणारा स्वतःच कपाळावर हात मारून म्हणतो कीं, हें तर मघांशींच दिसलें होतें!

गुण देतांना आम्हीं दोन रकाने पाडिले. पहिला रचनेचा : सबंध वास्तु ही एकाच कल्पनेचा विस्तार आहे कीं उगाच जोडलेल्या खोल्या आहेत, खुणा न्याय्य आहेत कीं नाहींत, वगैरे. दुसरा रंजनाचा : पुढें जावेंसें वाटतें कीं नाहीं, आणि शेजारीं बसून पाहणाऱ्यासहि त्यांत गोडी वाटते कीं नाहीं. प्रत्येकास दहा गुण. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा आग्रह अण्णांचा होता. ते म्हणाले, नोकरींत त्यांनीं अशीं विश्रामगृहें पाहिलीं आहेत कीं, जीं नकाशावर निर्दोष होतीं व ज्यांत एक रात्र काढणें कठीण होतें. आतां खालपासून वर जाऊं.

सातवें : मृत्युपर्वत, १९८६

पहिल्या खेळांतील नऊ भुयारांपैकीं हें शेवटचें. आधींच्या आठांतून एका सुवर्णत्रिकोणाचे आठ तुकडे जमविल्यावांचून यांत पुढें जातां येत नाहीं. आंत दालनामागून दालनें. आणि पुष्कळ ठिकाणीं वाट सांपडते ती भिंतीला सुरुंग लावून. मात्र कोणत्या भिंतीला लावावा याची खूण भिंतीवर नाहीं. शेवटच्या शत्रूस मारणारे रुपेरी बाणहि असेच आड दडविलेले. चिंतामणीनें दोन सायंकाळीं भिंतीमागून भिंती ठोकल्या. त्या काळीं शाळेंतलीं मुलें आपापले नकाशे काढून एकमेकांस दाखवीत, व भुयाराचा अर्धा आनंद त्या देवाणघेवाणींत असे. तो शेजार आज उरला नाहीं, म्हणून भुयार रुक्ष वाटतें. पाया घालणाऱ्याचा मान मोठा. परंतु गुण द्यावयाचे ते आजच्या बैठकीप्रमाणें. रचना ५, रंजन ४.

सहावें : वाह नाबोरिस, २०१७

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळांत मालिकेनें आपली जुनी चाल सोडिली. विस्तीर्ण मुलूख, वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक, १२० लहान लहान कोड्यांचीं देवळें, आणि मोठ्या भुयारांच्या जागीं चार प्रचंड यांत्रिक प्राणी. नाबोरिस हा त्यांतील वाळवंटांत फिरणारा उंट. त्याच्या पोटांत तीन पिंपें आहेत. नकाशावरून तीं फिरवितां येतात, व तीं योग्य कोनांत आणून विजेचा प्रवाह जोडावयाचा. कल्पना उत्तम, आणि अण्णा तर खुर्ची पुढें ओढून बसले. परंतु पांच कळा फिरविल्या कीं काम संपतें. शिवाय चारहि प्राण्यांच्या पोटांतला रंग व थाट सारखाच, म्हणून आंत गेल्यावर आपण उंटांत आहों कीं हत्तींत हें विसरावयास होतें. मोकळीक ही मोठी गोष्ट आहे. पण जेथें कोणत्याहि क्रमानें जातां येतें, तेथें आधीं शिकविणें व मग परीक्षा घेणें कठीण होतें, ही तिची किंमत येथें दिसते. २०२३ सालच्या पुढील खेळांत मंदिरें पुन्हां निरनिराळ्या थाटाचीं झालीं, यावरून कर्त्यांनाहि ही उणीव जाणवली असावी. रचना ७, रंजन ५.

पांचवें : जलमंदिर, १९९८

'ऑकरिना ऑफ टाइम' या खेळांतील हें मंदिर जगभर दुष्कीर्ति पावलें आहे. मधोमध एक उंच स्तंभ, भोंवतीं मजले, आणि सर्वत्र पाणी. तीन ठिकाणीं ऑकरिनावर एक अंगाईगीत वाजविलें असतां पाण्याची पातळी तीनपैकीं एका उंचीवर येते. एका पातळीस जें दार उघडें तें दुसऱ्या पातळीस बुडालेलें. म्हणून कोणतेंहि दार पाहिलें कीं 'हें केव्हां गांठतां येईल' असा प्रश्न करावा लागतो. तळाशीं चालावयाचें तर लोखंडी जोडे घालावे, वर यावयाचें तर काढावे; आणि प्रत्येक वेळीं खेळ थांबवून सामानाची यादी उघडावी. रचना बिनतोड, व जोड्यांचा जाच असह्य. या भुयारांचे रचनाकार एइजी ओनुमा हे शिक्षणानें कलाकार. यांत्रिक बाहुल्या करण्याचा त्यांस विद्यार्थिदशेपासून नाद. त्यांनीं या जोड्यांच्या त्रासाबद्दल पुढें जाहीरपणें दिलगिरी प्रकट केली, आणि २०११ सालच्या नव्या आवृत्तींत जोडे चटकन् घालण्याची सोय करून पाण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषाहि भिंतींवर काढविल्या. आमच्या मुलांनीं खेळला तो जुना खेळ.

येथें आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितल्यावांचून ही प्रतवारी पुरी होणार नाहीं. चिंतामणि या मंदिरांत तीन सायंकाळीं अडकून पडला. एक किल्ली कमी पडत होती. चौथ्या दिवशीं त्यानें वहीच्या पानावर तिन्ही मजले आंखले, पाण्याच्या तिन्ही पातळ्या निरनिराळ्या रंगांनीं दाखविल्या, आणि जेवतांनाहि तें पान ताटाशेजारीं ठेविलें. त्याची ती ओढाताण आम्हांस पाहवेना. रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं फोनवर उत्तर शोधिलें, आणि सकाळीं चहाच्या वेळीं मोठ्या प्रेमानें त्यास सांगितलें कीं, पाणी मधल्या पातळीस आण; मधल्या स्तंभांतील ठोकळा तरंगत वर जातो, त्याच्याखालीं एक भोंक आहे, किल्ली तेथें खालीं आहे. तो कांहीं बोलला नाहीं. सायंकाळीं बसला, पांच मिनिटांत किल्ली काढली, तासाभरांत मंदिर संपविलें, आणि यंत्र बंद करून म्हणाला, "काका, हें भुयार तुम्ही सोडवलंत." तें वहीचें पान त्यानें फाडून टाकलें होतें, हें आम्हांस मागाहून रेवतीकडून कळलें.

आम्हांस प्रथम राग आला. उपकाराची ही फेड! परंतु अण्णांनीं पान आमच्यापुढें ठेविलें; रेवतीनें टोपलींतून काढून तें चिकटविलें होतें. त्यावर मधल्या स्तंभाभोंवतीं चिंतामणीनें लाल शाईनें वर्तुळ काढिलें होतें, व शेजारीं प्रश्नचिन्ह. तो किल्लीपासून एका पावलावर होता. अण्णा एवढेंच म्हणाले, "धरण भरत आलें असतांना तूं दरवाजे उघडलेस." पुढें दहा दिवस तो बैठकीस आला, पण यंत्रास हात लावीना, रेवतीच खेळे. म्हणून या मंदिरास रंजनाचे गुण देतांना आम्हीं आपलें मत राखून ठेविलें. इतरांच्या मतें रचना ९, रंजन ५.

चौथें : वनमंदिर, १९९८

त्याच खेळांतील हें मंदिर म्हणजे रानांत गिळून गेलेला एक ओसाड वाडा. मधल्या चौकांत निरनिराळ्या रंगांच्या ज्योतींचे चार पलिते जळत असतात. आपण आंत येतांच चार भुतिणी बहिणी त्या ज्योती पळवितात, आणि खालीं नेणारा पाळणा जमिनींत गडप होतो. चौघींना शोधून ज्योती परत आणावयाच्या. दोघी तसबिरींत लपतात; तिसरी आपली तसबीर ठोकळ्यांत मोडून वेळेच्या आंत जुळवावयास लाविते; चौथी एकाच्या चार होऊन भोंवतीं उभी राहते, व त्यांतील खरी कोणती हें तिच्या एका गिरकीवरून ओळखावें लागतें. एक लांब दालन तर पिळलेल्या पंचासारखें वळलेलें आहे. डोळ्याच्या आकाराच्या कळीवर बाण मारिला कीं तें सरळ होतें, आणि मघांचें दार वेगळ्याच खोलींत उघडतें. कोजी कोंदो यांनीं दिलेलें संगीत कानांत रेंगाळतें. त्यास चाल म्हणावी तर ती गुणगुणतां येत नाहीं. वहिनी भितात म्हणून स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत होत्या; चौथी बहीण त्यांनींच आधीं ओळखली. रचना ८, रंजन ८.

तिसरें : शिलामनोरा, २०००

'मजोराज मास्क' या खेळांत आकाशांतील चंद्र तीन दिवसांनीं पृथ्वीवर कोसळावयाचा असतो. ते तीन दिवस आपल्या घड्याळाचीं सुमारें ५४ मिनिटें. ऑकरिनावर सूर वाजवून काळ मंद करितां येतो, किंवा पुन्हां पहिल्या दिवशीं परततां येतें. परंतु परतल्यास भुयाराचीं उघडलेलीं दारें पुन्हां मिटतात व लहान किल्ल्या नाहींशा होतात; हत्यार तेवढें राहतें. अशा घाईंत या मनोऱ्यावर चढावें लागतें. चढतांना एक शोकगीत वाजवून स्वतःच्याच पोकळ मूर्ति मागें ठेवाव्या, त्यांच्या भारानें कळा दाबल्या जाव्या, व आपण पुढें जावें, अशी योजना आहे. आंतील अर्धें काम झाल्यावर प्रकाशबाण हातीं येतो. बाहेर येऊन दारावरच्या लाल खुणेवर तो मारिला कीं सबंध मनोरा उलटा होतो. आकाश पायांखालीं, आणि जीं दारें व पेट्या मघांशीं छतावर विनाकारण लटकलेलीं वाटलीं होतीं, तीं आतां जमिनीवर! मातुःश्रींनीं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

एकाच वास्तूचा दोनदां उपयोग, व दोन्ही वेळां पुरता. याहून चोख रचना आम्हीं पाहिली नाहीं. आणि येथेंच अकराव्या दिवशीं चिंतामणि आपण होऊन पुढें सरकला. रेवती एका खोलींत अडकली होती. तिनें यंत्र त्याच्या हातांत दिलें व पाणी पिण्याच्या निमित्तानें आंत गेली. उत्तर आम्हांस ठाऊक होतें, कारण ती खोली छताकडे पाहिल्याशिवाय सुटत नाहीं हें आमच्या ध्यानांत आलें होतें. परंतु आम्हीं सुपारी कातरीत बसलों. पाऊण तास गेला. सुपारी संपली. मग चिंतामणीनें मान वर केली, पडद्यांतल्या नव्हे, तर आमच्या दिवाणखान्याच्या छताकडे पाहिलें, आणि हंसला. रचनेस पुरे १० गुण. रंजनांत मात्र ७. कारण डोक्यावर घड्याळ असल्यामुळें पाहणारांचाहि जीव टांगणीस लागतो, व वहिनींस त्या मनोऱ्याचें स्वप्न पडलें.

पहिलें व दुसरें : बरोबरी आणि तिचा निकाल

उरलेल्या दोन भुयारांस प्रत्येकीं १८ गुण पडले.

एक आहे २०११ सालच्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' मधील प्राचीन जलाशय. वरचा भाग सोनेरी. स्वच्छ पाणी, कमळाचीं प्रचंड पानें, आणि मधोमध एक विशाल मूर्ति. खालीं उतरलें कीं काळोख, विषारी पाणी व चालतीं प्रेतें. ती मूर्ति यंत्रानें खालवर सरकते, व तीच दोन्ही लोकांमधील वाट होते. एके ठिकाणीं पाताळांतून एका दोरीवर चढावें लागतें, व मागून प्रेतेंहि तीच दोरी धरून चढूं लागतात. र्‍यूनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाची १९१८ सालची 'कोळ्याचा धागा' ही गोष्ट ज्यांस ठाऊक असेल, त्यांस तिची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तींत भगवान् बुद्ध कमळांच्या तळ्याकांठून नरकांत एका पाप्यासाठीं धागा सोडितात, कारण त्यानें पूर्वीं एका कोळ्यास जीवदान दिलेलें असतें. परंतु मागून येणारांवर तो खेंकसतो, व धागा तुटतो. शेवटीं सहा हातांचा एक धातूचा राक्षस भेटतो. त्याचे हात चाबकानें उपटावयाचे व त्याचीच तलवार उचलून त्याच्यावर चालवावयाची. रेवती संवादांचें मराठींत भाषांतर करून सांगत असे. या भुयारांत तिला फारसें बोलावें लागलें नाहीं. कमळ पाहतांच मातुःश्री म्हणाल्या, "वर स्वर्ग आहे म्हणजे खालीं नरक असणारच." रचना ९, रंजन ९.

दुसरें आहे २००६ सालच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' मधील हिमशिखरावरचा पडका वाडा. थोरल्या पुतण्यानें घरीं ठेवून दिलेल्या जुन्या वी यंत्रावर तें पाहिलें. या वाड्यांत राक्षस राहत नाहींत; एक हिममानव व त्याची आजारी बायको राहते. बायको शेकोटीशीं पांघरूण घेऊन बसलेली. नवरा स्वयंपाकघरांत तिच्यासाठीं सार शिजवीत उभा. आपणांस हवा असतो आरशाचा एक तुकडा, तो निजावयाच्या खोलींत असतो, व तिची किल्ली कोठें ठेविली हें त्या बाईस नीट आठवत नाहीं. ती एक जागा सांगते. बर्फ फोडीत, तोफा ओढीत तेथें जावें, तर पेटींत किल्लीऐवजीं भोपळा! दुसरी जागा सांगते. तेथें शेळीच्या दुधाचें चीज! नवरा त्या दोन्ही जिनसा सारांत घालतो, आणि प्रत्येक वेळीं तें सार अधिक पौष्टिक होतें. तिसऱ्या खेपेस किल्ली मिळते. पण त्या तुकड्याच्या प्रभावानें बाईच एक भयंकर हिमराक्षसी होते. तिला हरविल्यावर नवरा धांवत येतो, तिला जवळ घेतो, व आरशाची आपणांस गरज नाहीं अशी तिची समजूत घालतो. रचनेंत हें जलाशयाहून किंचित् उणें. कांहीं खोल्या नुसत्या भरतीच्या आहेत. परंतु रंजनांत कोणीहि एक गुण कापावयास तयार होईना. रचना ८, रंजन १०.

बरोबरी फोडण्याचें काम मातुःश्रींकडे गेलें. त्यांनीं युक्तिवाद ऐकून घेतले. चिंतामणि जलाशयाच्या बाजूनें फार चांगलें बोलला. मग त्या म्हणाल्या, "कमळाचें तळें सुंदरच आहे. पण मला विचाराल तर रोज दुपारीं माझ्या मनांत येत होतें तें एवढेंच कीं, त्या बाईला बरें वाटलें कीं नाहीं. म्हणून पहिला नंबर वाड्याला." यावर अपील नव्हतें. रेवतीचा जय झाला, आणि अण्णांनीं आपलें जलमंदिर पांचवें आल्याबद्दल लेखी निषेध नोंदविला.

आतां ज्या घरांत असे खेळ चालतात त्यांच्यासाठीं अनुभवाच्या दोन गोष्टी. पहिली ही कीं, वेळेची मर्यादा घालावयाची ती घड्याळापेक्षां भुयाराच्या मापानें घालावी : 'ही किल्ली मिळाली म्हणजे उठ.' जलमंदिराच्या खेळांत मध्येंच नोंद करून बंद केलें तरी मिळविलेली किल्ली जात नाहीं, पुन्हां दारापासून चालावें लागतें एवढेंच. हें मुलास ठाऊक असतें. आपणांस ठाऊक नसतें, म्हणून तें 'आतां बंद केलें तर सगळें जाईल' म्हणालें कीं आपण फसतों, किंवा खरेंच जात असतां आपण विश्वास ठेवीत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, उत्तर सांगूं नये. मुलानें विचारिलें तर त्यास उलट विचारावें कीं, आतांपर्यंत काय काय पाहिलेंस. नुसतें सांगतां सांगतांच त्यास पुष्कळदां तें दिसतें.

सुटी संपली, शाळा सुरू झाली, आणि बैठक आतां शनिवारापुरती राहिली आहे. गेल्या शनिवारीं चिंतामणीनें जलमंदिर पहिल्यापासून पुन्हां सुरू केलें. किल्लीची जागा त्यास ठाऊक आहे. परंतु तो म्हणतो, या खेपेस सर्व खोल्या कमींत कमी वेळां पाणी बदलून कशा होतील तें पाहावयाचें आहे, आणि तें फोनवर पाहावयाचें नाहीं. त्यानें नवें पान आंखलें आहे. अण्णा त्यास पातळ्यांचा हिशेब मांडून देतात. आम्हांस त्या पानाकडे पाहण्याची परवानगी आहे, बोलण्याची नाहीं; आणि रंजनाचे जे गुण आम्हीं राखून ठेविले होते ते काम पुरें झाल्यावर द्यावयाचे, असें ठरलें आहे.